व्हरांड्यातल्या चौघी

वकिलीला नागपूरचं कॉलेज घ्यावं की गोंदियाचं, कुठं शिकलं की काम लवकर मिळतं, हे विचारायला आसगावचे श्यामराव अठ्ठ्याहत्तर साली लेकीला घेऊन थेट भंडाऱ्याच्या कोर्टात आले. यमुनेला व्हरांड्यात बायकांजवळ बसवून ते वकिलांच्या खोलीत शिरले आणि पडल्या चेहऱ्यानं परतले.

"कुठंही शीक, बाईले इथं कोणी केस देत नाही म्हणून राहिले सारे."

यमुनेशेजारी डोईवर पदर घेतलेल्या चौघी बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं वकिलाला सांगायला कुणाचा दीर, कुणाचा भाऊ आत गेला होता.

"तुम्ही पुरुषायले विचारलं, बाबा," यमुना म्हणाली. "कॉलेज कोणतंही घ्या. माझ्या शिक्षणाच्या तीन वर्षांत ह्यांच्या केसचा काही निकाल लागत नाही म्हणे. ह्या चौघी माझ्यासाठी थांबाले तयार आहेत."