पेलाभर तेल

झाकणाचा शेवटचा बोल्ट निघाला आणि सुपरचार्जरमधून तेल ओघळलं. मातकट, गढूळ. तिनं ते काचेच्या पेल्यात धरलं आणि उजेडात बघितलं. हे यंत्र इंजिनात जोरानं हवा कोंबतं. आत दोन पिळाचे रोटर एकमेकांना न शिवता फिरतात, निदान फिरायला हवेत. इथे मात्र दोघांनी एकमेकांना ओरबाडून काढलं होतं. बेअरिंग तर पडायला आलेल्या दातासारखं हलत होतं.

ट्रकमालक बाकड्याला खेटूनच उभा होता. मुठीत किल्ली. ट्रक जुना घेतलेला, पण त्याच्यासाठी पोटच्या पोरासारखा. ड्रायव्हर त्याच्यामागे दोन पावलांवर, मान खाली.

"मला बाकी काही सांगू नका," मालक म्हणाला. "यानं गाडी तापवली का, एवढंच सांगा. तापवली असेल तर यानं आत्ता घरी जायचं. अकरा वर्षं सांभाळला, बस्स झालं."

"ताई, काटा एकदाही वर गेला नाही हो," ड्रायव्हर म्हणाला. "पोरांची शपथ."

शपथेवर यंत्राचं दुखणं कळत नाही. निवाडा बाबांचा. तेलाची पारख करावी तर तिच्या बाबांनी, हे त्या गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजवाल्याला मान्य होतं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या नाहीत, हा त्यांचा दंडक. ज्याला वासावरून तेल ओळखता येत नाही, त्यानं पान्याला हात लावू नये, असं ते येईल त्याला ऐकवायचे. त्यांच्या फळीवर सगळे डबे सारखे आणि मुके.

खुर्चीत बसलेल्या बाबांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. "जळकं आहे," ते म्हणाले. "तापवलीय गाडी."

"झालं तर!" मालक वळला.  ड्रायव्हरनं हात खिशात घातले आणि परत बाहेर काढले.

तिनं पेला घेतला. सवयीनं वास घेतला. जळकं? छे! जळक्याचा मागमूस नव्हता. किंचित गोडसर वास येत होता. तिनं रोटरचा दांडा पुसून पाहिला. तापलेलं लोखंड निळं पडतं, हे स्वच्छ पांढरं होतं. रबरी सील मात्र भिजलेल्या बेदाण्यासारखं फुगलेलं. कोपऱ्यात ट्यूबचं पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं होतं. तिनं त्यात पेल्यातलं थोडं तेल सोडलं. थोडं वर तरंगलं. उरलेलं पाण्यात विरून गेलं.

तेल पाण्यात विरत नाही. ब्रेक ऑइल विरतं.

दोन महिन्यांपूर्वी या यंत्रात तेल भरलं गेलं ते इथेच, याच बाकड्यावर. भरलं बाबांनी. नाजूक काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत, तिलाही नाही. दोन्ही तेलं पातळ, दोन्ही पिवळसर, दोन्ही डबे शेजारी शेजारी. फरक करायचा तो नाकानं.

ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? कुण्णाला नाही. बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ड्रायव्हर घरी गेला असता आणि बाबा त्यांच्या खुर्चीत बसून राहिले असते. तिला तो मोह झाला. क्षणभर का होईना, झाला.

"मालक, थांबा," ती म्हणाली. "गाडी तापलेली नाही. यात चुकीचं तेल पडलंय. आमच्याकडूनच. मी भरलं होतं."

"तुम्ही? मग हे उस्ताद काय म्हणतायत?"

"ते माझ्या चुकीवर पांघरूण घालतायत."

मालकाचा आवाज चढला. गॅरेज आहे का पोरखेळ, विश्वासानं गाडी द्यायची आणि तुम्ही असं करायचं, बरंच काय काय. ती ऐकून घेत होती. तिला वाटलं, निभावलं.

"खोटं बोलू नकोस," बाबा म्हणाले.

ते खुर्चीतून उठले होते. "तेल मी भरलं, मालक. हिनं त्या दिवशी यंत्राला हातही लावला नव्हता. आणि आत्ता जळकं म्हणालो ते नुसतं अंदाजानं. या माणसाच्या पोटावर पाय देत होतो मी, अंदाजानं." त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "मला वास येत नाही. मोठ्या तापाच्या आजारातून उठलो तेव्हापासून. दीड वर्ष झालं."

 मालकानं किल्ली ड्रायव्हरच्या हातात ठेवली आणि तो बाहेर पडला. ड्रायव्हर दारात घुटमळला. चार शब्द सुनवायचा हक्क होता त्याला. "उस्ताद, येतो," एवढंच म्हणून तो गेला.

आता मात्र तिचा संताप उफाळून आला. "दीड वर्ष, बाबा? रोज माझ्यासमोर डबे हुंगायचं नाटक करत होतात? मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? नाक गेलं म्हटल्यावर माझ्यापाशी राहिलं काय?"

 तिचा राग होता तसाच होता, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना. बाबा चिंधीनं हात पुसत राहिले, पुसून स्वच्छ झाले तरी.

"तुझं लेकरू आठ महिन्यांचं झालं," ते खाली बघत म्हणाले. "रोज मांडीवर घेतो. टाळूला नाक लावून बसतो. तू तान्ही होतीस तेव्हाचा तुझा वास मला अजून आठवतो."

त्यांनी मान वर केली.

"त्याचा कसा आहे गं?"