हीटरचं बटण

“तुला आराम मिळावा” म्हणत ह्यांनी रिटायर झाल्यावर गाडीमागं जोडायचा छोटा ट्रेलर स्वतः बांधला, पलंग-कपाटांसकट. पहिला मुक्काम कन्नड गावाजवळच्या शेतात पडला. तिथंही स्वयंपाक मीच केला, भांडी मीच घासली आणि बॅटरी उतरते म्हणून दिवा बंद झाला तो माझ्याच उशाचा. सकाळी थंडीनं बोटं वळेनात. मीटर बघून हे म्हणाले, “बॅटरी लई उतरलीय. एकतर हीटर चालेल, नाहीतर चहाची किटली. ऊठ, चहा टाक.” मी उठले, हीटरचं बटण दाबलं आणि गोधडीत शिरले. “अगं, चहा?” “बाहेर काटक्या आहेत, तीन दगडं मांडा.” हे बाहेर गेले. धूर झाला, ठसका ऐकू आला. मग दार किलकिलं करून, स्वतः ठोकलेल्या दोनच कपाटांकडं बघत ह्यांनी विचारलं, “साखर कुठं असते गं?” मी गोधडी डोक्यावरून ओढली.