थाळी

महापालिकेच्या नियोजन-यंत्राने खाणवस्तीला अग्निशमन केंद्र नाकारलं.

"आजी, चाळीस वर्षांत इथून आगीचा एकही फोन नाही," पालिकेची अनुजा म्हणाली.

"बंब वेळेवर येत नाही, मग फोन कशाला गं? थाळी बडवायची, बादल्यांची रांग लावायची!" हौसाबाईंना एकेक आग आठवत होती.

"यापुढे फोन करा. यंत्र तेवढंच मोजतं."

आठवड्याने शेजारच्या शेवंताच्या घरातून धूर निघाला. हौसाबाईंनी आधी फोन लावला.

"बंब पाऊण तासात येईल," फोनवर तेच यंत्र म्हणालं. "तोवर आग विझली, तर या फोनची नोंद रद्द होईल."

थाळीवर उगारलेला हात थबकला. एवढी एक नोंद झाली, तर केंद्र मिळेल. तेवढ्यात आतून शेवंता खोकली.

हौसाबाईंनी थाळी बडवली. बादल्यांची रांग लागली; शेवंता वाचली, बंब यायच्या आत आग विझली.

संध्याकाळी यंत्राच्या आगींच्या नकाशावर खाणवस्ती पुन्हा कोरीच होती. हौसाबाईंच्या मनातून मात्र तो थबकलेला हात जाईना.