काकूंची गोधडी

माझा पहिला रॅप अल्बम आला त्या सकाळी शेजारच्या शेवंताकाकू हातातली कामं टाकून दारात हजर. रेकॉर्डिंगमध्ये गल्लीचा गोंगाट येऊ नये म्हणून आम्ही खोलीभर शेजारणींच्या गोधड्या टांगल्या होत्या. खिडकीवर काकूंची होती.

"पोरी, तुझं ते भरभर बोलणं मला कळत नाही. माझी गोधडी तेवढी ऐकव."

मी तिसरं गाणं लावलं. काकू डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि शेवटी फुरंगटल्या. "कुठाय गं?"

"हे मी गात होते तेव्हा खिडकीखाली नळावर तुमचं भांडण पेटलं होतं. ते ऐकू आलं?"

"अजिबात नाही!"

"तीच तुमची गोधडी."

काकूंनी पदर खोचला. मग खिडकीतून ओरडल्या, "अगं या गं सगळ्या, माझी गोधडी वाजतेय!"