जाळ्यातला कागद

राई गावचा मुलींचा हॉकी संघ नाशिकच्या मालकाला विकायचा तर पाच वाजायच्या आत मंजुळाआत्याची सही हवी होती. बाकी सगळ्या सभासदांच्या झाल्या होत्या. ती साडेचारच्या सामन्यासाठी गोलचं जाळं सांधत होती. “आत्या, सही कर ना. मैदान तसंही नव्या रस्त्यात जाणारच आहे,” भाचा केतन म्हणाला, संघाचा चिटणीस तोच. “तू गोलात व्हतास तवा बॉल पायांतून जायचा. भोकं मीच सांधली. आता पोरी इकतोस?” “नाटकं पुरे. वेळ संपतोय.” तिने त्याच्या हातातला विक्रीचा कागद घेतला, घडी घालून जाळ्यावर धरला आणि सुतळीने आवळून बांधला. “न्हाय देत. पायजे तर जाळं काप, पोरींदेखत.” त्याने कात्री उचलली. इतक्यात पंच जाळं तपासायला आले. त्यांनी ते चारी कोपऱ्यांत ओढून पाहिलं, मग कागदापाशीही. “पक्कं आहे,” ते केतनला म्हणाले. “बाहेरच्यांनी मैदान सोडावं.”