चोवीस गळ

एइलिफने चोविसावा टॅब उघडला आणि हात चोळले. साडेआठ वाजले होते. नऊला गावच्या सभागृहाचं उन्हाळ्याचं आरक्षण सुरू होणार होतं. त्याला जूनचा शेवटचा शनिवारच हवा होता, कारण पोरीच्या लग्नाला पाद्रीबाई फक्त त्याच दिवशी मोकळ्या होत्या आणि बेटावर दीडशे माणसं मावतील असं दुसरं छप्पर नव्हतं. पोरगी, माग्नहिल्ड, सकाळच्या बोटीने घरी यायला निघाली होती. बोटीवर रेंज नसते, म्हणून हे काम बापाच्या गळ्यात पडलं होतं.

गेल्या वर्षापर्यंत दुकानात खिळ्याला एक वही टांगलेली असायची. तीत नाव लिहिलं की झालं. यंदापासून सगळं संगणकावर. पण एइलिफ असल्या गोष्टींना घाबरणारा नव्हता. चाळीस वर्षं त्याने समुद्रात कॉड मासा पकडला होता. दोरीला एकच गळ लावून समुद्रावर जाणारा उपाशी मरतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. कंट्रोलचं बटण दाबून लिंकवर टिचकी मारली की नवा टॅब उघडतो, हे वाचनालयातल्या शिकवणीत कळलं होतं. त्याने चोवीस टिचक्या मारल्या. एखादा तरी लागेलच.

मग चष्मा लावून त्याने पान नीट वाचलं. तारखेखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘आत्ता ही तारीख २४ जण पाहत आहेत.’

साठ उंबऱ्यांचं गाव, आणि एका शनिवारावर चोवीस जण टपलेले? एवढा हट्टीपणा गावात एकाच माणसाकडे होता : शेजारचा ओडवार. जूनअखेरीस त्याची सत्तरी होती. सत्तरीला अख्ख्या गावाला जेवण घालायचं, हा बेटावरचा रिवाज. आणि कंट्रोलचं बटण काय एकट्या एइलिफलाच ठाऊक होतं?

ओडवारशी नऊ वर्षं अबोला होता. एइलिफची दोरी ओडवारच्या जाळ्यात गुंतली आणि ओडवारने सुरी काढून ती कापली, चारशे गळांसकट. तेव्हापासून प्रवासी बोटीवर एक जण वरच्या मजल्यावर बसे, दुसरा खाली. दोघांच्या अंगणांमधलं फाटक गंजून गेलं होतं.

एइलिफ टोपी न घालताच निघाला. फाटकाला खांदा लावावा लागला. ओडवारने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात ब्राऊन चीज लावलेला पाव होता. तो तसाच हातात राहिला.

“जूनचा शेवटचा शनिवार मला सोड,” एइलिफ म्हणाला. “पोरीचं लग्न आहे.”

ओडवारने काही विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“मला ठाऊक आहे, चोवीस-चोवीस टॅब उघडून बसलायस.”

“बरं,” ओडवार म्हणाला. “आणि नाही सोडला तर?”

एइलिफने बुटाच्या टोकाने अंगणातला बर्फ उकरला. नऊ वर्षं जे बोलला नव्हता, ते एकदम बाहेर पडलं. “त्या दिवशी वारा फिरला होता. दोरी तुझ्या जाळ्याकडे जाणार हे दिसत असूनही मी ती टाकली. तू कापलीस ते बरोबर केलंस.”

ओडवारने पावाचा घास घेतला आणि सावकाश चावला.

“घे तुझा शनिवार,” तो म्हणाला. “पण लग्नात मला दाराजवळ बसवू नकोस. वारा लागतो.”

एइलिफ परतला तेव्हा नऊला दोन मिनिटं कमी होती. आकडा अजून चोवीसच होता. सत्तरीचा माणूस, टॅब बंद करायला वेळ लागायचाच. नऊच्या ठोक्याला त्याने बटण दाबलं आणि शनिवार त्याचा झाला. आरामखुर्चीत टेकल्यावर लक्षात आलं की आपल्याला हलकं हलकं वाटतंय, आणि ते काही नुसत्या सभागृहामुळे नव्हे.

साडेनऊला माग्नहिल्ड आली. बापाने छाती फुगवून संगणकाचा पडदा दाखवला. “बघ, चोवीस जणांच्या तोंडातून ओढून आणलाय.”

तिने टॅबची रांग पाहिली आणि एकेक बंद करायला घेतला. आकडा तेवीस झाला, मग बावीस. सातवर आल्यावर एइलिफचे कान लाल झाले. एकवर येऊन आकडा थांबला.

“म्हणजे हे सगळे मीच?”

“तुम्हीच.”

“असं कसं? ओडवारने स्वतः माघार घेतली. मी जाऊन बोललो त्याच्याशी.” त्याने खिडकीकडे बोट केलं. पलीकडच्या अंगणात ओडवार आपला ठेवणीतला काळा सूट वाऱ्यावर टांगत होता.

माग्नहिल्ड खिडकीशी गेली. तिने त्या सुटाकडे पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “ओडवारकाकांकडे संगणकच नाही.”