सामाईक पाइप

घरमालक आजोबा दर महिन्याला पाण्याचं बिल घेऊन जिना चढत. वरच्या भाडेकरणीला तिचा वाटा सांगायला दोन मिनिटं पुरत, पण चहा होई, तिची लेक चित्रांची वही दाखवी, आणि तेवढ्या गप्पांवर आजोबांचा महिना निघे. खाली त्यांच्याशी बोलायला गळक्या नळाखेरीज कुणी नव्हतं. या खेपेला ती म्हणाली, "आजोबा, मी वेगळं मीटर बसवून घेतेय. तुमच्या गुडघ्यांना कशाला ताप?" "बरं केलंस," ते म्हणाले, आणि चहा कपातच निवला. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, तेव्हा आजोबा त्याच्याभोवती घुटमळले. "पाण्याचं वेगळं झालं रे, पण सांडपाण्याचं?" "त्याचा पाइप एकच, आजोबा. बिलही एकच येणार, वाटून घ्या." आजोबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे माझा जिना काही सुटत नाही!" ते कुरकुरले, वरपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.